गव्हाणीपुढचे सर्वांत महाग दान



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या गावोगावच्या ख्रिस्ती घरांत एकच लगबग उडते. ओसरीवर बांबूच्या कामट्यांचा तारा तयार होतो, मुले गव्हाणीसाठी गवत आणि माती गोळा करू लागतात, आणि घरची गृहिणी पिठाचा डबा उघडून यंदा करंज्या किती कराव्यात याचा हिशेब मांडते. याच दिवसांत आपला हातही नेहमीपेक्षा सैल सुटतो. देवळातील दानपेटीत चार नाणी अधिक पडतात, घरातल्या म्हातारीला नवे लुगडे येते, दारी आलेला कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. वर्षभर काटकसर करणारी माणसे नाताळात उदार होतात आणि त्या औदार्याने त्यांचे चेहरे उजळतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. घेणाऱ्यापेक्षा देणारा अधिक सुखी असतो, असे संत पौलाने प्रभूच्या नावाने सांगून ठेवले आहे, आणि आपल्या अनुभवाची साक्षही तीच आहे.

परंतु या आनंदाच्या सणात पवित्र ख्रिस्तसभा आपल्यापुढे एक कोडे ठेवते. 25 डिसेंबरला धर्मगुरू शुभ्र वस्त्रे परिधान करून वेदीपाशी येतात. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 26 तारखेला, तेच धर्मगुरू तांबडी वस्त्रे घालून पवित्र मिस्सा अर्पण करतात. तांबडा हा रक्ताचा रंग. त्या दिवशी पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याचा सण असतो. 28 तारखेस पुन्हा तोच रंग; कारण तो दिवस हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निरागस बालकांचा. बाळ येशूच्या पाळण्याला आपण अजून झोके देत आहोत, तोच त्याच्या शेजारी ख्रिस्तसभेने हे रक्त का बरे आणून ठेवावे?

याचे उत्तर स्तेफनाच्या चरित्रातच सापडते. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोजचे अन्न वाटण्याचे काम होते. त्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी सात विश्वासू पुरुष निवडून ते काम त्यांच्याकडे सोपविले. त्या सातांत स्तेफनाचे नाव पहिले आहे. म्हणजे आपण नाताळात जे दानधर्माचे काम हौसेने करतो, तेच हा मनुष्य नेमाने करीत असे. पुढे लोकांनी त्याला शहराबाहेर ओढून नेऊन दगडांनी ठेचले. त्या वेळी अन्न वाटणाऱ्या त्या हातांत देण्यासारखे काहीच उरले नव्हते. तरी त्याने आणखी एक दान दिले. गुडघे टेकून, मारणाऱ्यांवर हे पाप ठेवू नको, अशी विनवणी त्याने प्रभूला केली. तेथे शौल नावाचा एक तरुण मारेकऱ्यांची वस्त्रे राखीत उभा होता. तोच पुढे संत पौल झाला. स्तेफनाचे ते शेवटचे दान कोणाच्या पदरात पडले, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते.

आता आम्ही वाचकांना जुन्या यरुशलेमहून आपल्या देशात, माळव्यातील इंदूर नगरीकडे घेऊन जाणार आहोत. इंदूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी होळकरांचे राज्य सांभाळले, आणि नर्मदातीरीच्या महेश्वराहून कारभार करीत देशाच्या कानाकोपऱ्यांत घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. औदार्य म्हटले की त्यांची आठवण होणे साहजिकच आहे. त्याच मुलखात, त्यांच्या निधनाला बरोबर दोनशे वर्षे होत असताना, 1995 साली एका वेगळ्याच प्रकारचे दान घडले. ते देणाऱ्या स्त्रियांजवळ राज्यही नव्हते आणि खजिनाही नव्हता.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म 29 जानेवारी 1954 रोजी केरळातील पुल्लुवळी या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनींच्या संघात त्या दाखल झाल्या आणि उत्तर भारतात सेवेसाठी आल्या. 1992 साली त्यांची नेमणूक इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर येथे झाली. हे गाव देवास जिल्ह्यात, डोंगराळ भागात आहे. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांवर आदिवासी शेतकरी राहतात.

त्या लोकांचे दुःख आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. कोरडवाहू जमिनीवर पावसाच्या आधी घरात धान्यही नसते आणि बियाणेही नसते. मग सावकाराच्या ओट्यावर जावे लागते. त्याच्या वहीत काय लिहिले हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नाही. पीक हाती आले की ते सावकार म्हणेल त्या भावाने त्याच्याकडेच जाते, आणि व्याज मात्र शिल्लक राहते. आपल्या दख्खनमध्येही हेच होते. 1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढविला, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरून ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. सरकारला 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या दडपलेला मनुष्य शेवटी आगीकडे वळतो, ही इतिहासाची शिकवण आहे.

उदयनगरला सिस्टर राणी मारिया यांनी जी वाट धरली ती आगीची नव्हती. त्यांनी लोकांना एकत्र बसविले. सरकारच्या कोणत्या योजना गरिबांसाठी आहेत हे त्यांना समजावले, बँकेतून रास्त व्याजाने कर्ज कसे मिळते ते दाखविले, आणि आपल्या हक्कासाठी कचेरीत जाऊन ताठ मानेने बोलण्याचे धैर्य त्यांना दिले. हेही दानच होय. भाकरीचे दान एका दिवसाची भूक भागविते. परंतु ज्याला आपली भाकरी आपण मिळविण्याची रीत उमगली, त्याच्या घरी पुढच्या पेरणीलाही बियाणे असते. अर्थात ज्यांचा फायदा त्या गरिबांच्या अज्ञानावर अवलंबून होता, त्यांना हे रुचले नाही.

25 फेब्रुवारी 1995 रोजी सकाळी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. त्याच बसमध्ये त्यांना ठार मारण्यासाठी पाठविलेला एक तरुण होता. वाटेत नाचनबोर टेकडीपाशी त्याने बस थांबवून त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बस उतारूंनी भरलेली होती. भीतीने कोणी पुढे झाले नाही. शेवटपर्यंत त्यांच्या मुखी येशूचे नाव होते, असे त्या वेळचे वृत्त सांगते. त्या एकेचाळीस वर्षांच्या होत्या. उदयनगरच्याच देवळाच्या आवारात त्यांचे दफन झाले.

त्या तरुणाला अटक झाली, खटला चालला आणि जन्मठेपेची शिक्षा झाली. ते योग्यच झाले. त्याचे नाव वृत्तपत्रांत छापून आलेले आहे. येथे ते लिहिण्याची आम्हांला गरज वाटत नाही. सिस्टर राणी मारिया यांना एक धाकटी बहीण होती. तीही त्याच संघात धर्मभगिनी झालेली. तिचे नाव सिस्टर सेल्मी. थोरल्या बहिणीच्या देहावरील घाव या धाकट्या बहिणीच्या मनावर कसे उमटले असतील, याची कल्पना बहीण असलेल्या प्रत्येकाला करता येईल. द्वेष करावयास तिला जितके कारण होते तितके क्वचितच कोणाला असेल.

स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथोलिक धर्मगुरू इंदूरच्या तुरुंगात त्या कैद्याला भेटू लागले. दगडासारख्या मनावर हळूहळू पाणी झिरपू लागले. आणि 2002 सालच्या ऑगस्ट महिन्यात, राखी पौर्णिमेच्या सुमारास, सिस्टर सेल्मी त्या तुरुंगात गेल्या. बहिणीचा प्राण घेणाऱ्या त्याच हाताच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली, आणि त्याला भाऊ म्हटले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. 1995 ते 2002 ही सात वर्षे आहेत. क्षमा ही दिव्याच्या वातीसारखी काडी लावताच पेटत नाही. ती कोळशासारखी राखेखाली धुमसत राहते. प्रार्थनेची फुंकर घालीत बसावे लागते. म्हणून ज्या कोणाला आज आपल्या वैऱ्याचे नाव घेताना अजून गळ्यात आवंढा येतो, त्याने आपण ख्रिस्ती नाही असे समजून खचून जाऊ नये. त्याने फुंकर घालणे सोडू नये, एवढेच.

दुसरी गोष्ट अशी की राखीचा दोरा बाजारात अगदी थोडक्या पैशांना मिळतो. सिस्टर सेल्मी यांच्या दानाची किंमत दोऱ्यात नव्हती. आपला राग बाळगण्याचा जो हक्क जगाने त्यांना खुशाल दिला असता, तो त्यांनी त्या दोऱ्याबरोबर देऊन टाकला. नाताळात आपण पुष्कळ देतो, पण बहुधा आपल्याजवळ जे अधिक आहे त्यातून देतो. हा हक्क मात्र प्रत्येकाजवळ एकच असतो, आणि तो सोडताना प्राण कासावीस होतो.

पुढची हकिगतही सांगितली पाहिजे. राणी मारिया यांच्या वृद्ध मातेनेही त्या माणसाला क्षमा केली. त्याला भेटून तिने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागलेले आहे, असा तिचा भाव होता. कुटुंबाने व धर्मभगिनींनी त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे विनंती केली आणि 2006 साली तो तुरुंगातून बाहेर आला. नंतर तो केरळला त्या कुटुंबाच्या घरी जाऊन आला, आणि त्या घराने त्याला पोटच्या मुलासारखे आत घेतले. आपण केलेल्या पापाचा पश्चात्ताप त्याने अनेकांसमोर बोलून दाखविला आहे. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे झालेल्या मोठ्या समारंभात पोप फ्रान्सिस यांच्या वतीने कार्डिनल अमातो यांनी सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी होय. तो समारंभ संत पौलाचे नाव असलेल्या शाळेच्या मैदानावर झाला. ज्या शौलाने स्तेफनाच्या मारेकऱ्यांची वस्त्रे राखली, त्याच पौलाचे हे नाव. वाचकांच्या ध्यानी ही गोष्ट आल्यावाचून राहणार नाही.

आणखी एक धागा आम्हांला दाखवावासा वाटतो. राणी मारिया व सेल्मी या दोघी बहिणी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या व संत क्लाराच्या मार्गाने चालणाऱ्या संघातल्या. इंदूर धर्मप्रांताचे मुख्य देऊळ, ज्याला तेथील लोक लाल चर्च म्हणतात, तेही असिसीच्या फ्रान्सिसच्याच नावाने उभे आहे. आणि आपण घरोघर जी गव्हाणी मांडतो तिची प्रथा जगभर पसरविण्याचे श्रेय या संताकडेच जाते. 1223 सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात त्याने एका गुहेपाशी खऱ्या गवताची गव्हाणी मांडली, बैल आणि गाढव आणविले, आणि खेड्यातील लोकांना रात्री दिवे घेऊन तेथे बोलाविले. देव किती गरीब होऊन आला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, अशी त्याची इच्छा होती. आपल्या गोठ्यात रोज जे दिसते तेच त्या रात्री त्या लोकांना दिसले, आणि तरीही ते भारावून गेले.

गव्हाणी म्हणजे काय? गुरांना वैरण घालण्याची जागा. तेथे देवाने आपला पुत्र ठेवला. ज्या माणसांनी त्याला धर्मशाळेत जागा दिली नाही, त्यांच्यासाठीच तो आला. नाताळ हा मुळात देवाने आपल्याशी भांडण मिटविल्याचा सण आहे, आणि भांडण मिटविण्याला पहिले पाऊल त्याने टाकले. आपण ते टाकीपर्यंत त्याने वाट पाहिली नाही. हे ज्याला समजले त्याला 26 तारखेची तांबडी वस्त्रे विसंगत वाटणार नाहीत. पाळण्यातील बाळाने जे दिले तेच स्तेफनाने यरुशलेमच्या वेशीबाहेर दिले, आणि तेच एका बहिणीने इंदूरच्या तुरुंगात दिले.

आता आपल्या घराकडे वळू या. आपल्यापैकी बहुतेकांवर सुऱ्याचे वार करणारा वैरी कधी येणार नाही. आपले वैरी साधे असतात. बांध दोन हात सरकवणारा चुलतभाऊ, विहिरीच्या पाळीवरून बोलणारा शेजारी, लग्नातल्या मानपानावरून रुसलेली नणंद, वाटणीत भांडी कमी दिली म्हणून दहा वर्षे न बोललेला सख्खा भाऊ. नाताळच्या दिवशी करंज्या, लाडू, नेवऱ्या ताटात भरून वर स्वच्छ रुमाल झाकून मुलांच्या हाती आपण गल्लीत पाठवितो. आपल्या हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांकडेही ताट जाते, ही फार सुंदर रीत आहे. पण त्या ताटांच्या वाटेत एखादे घर वगळले जाते का? मुलांना कोणी सांगावे लागत नाही. त्यांना ते घर ठाऊक असते. या नाताळात ते ताट तेथे जावे, आणि मुलांच्या हाती न पाठविता घरच्या कर्त्याने स्वतः न्यावे. वेदीवर अर्पण आणण्याआधी भावाशी समेट करून ये, अशी प्रभूची आज्ञाच आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाण्यापूर्वी पापांगीकार करावयाचा असतो. त्याच आठवड्यात हे दुसरे कामही करून टाकावे.

समोरच्याने दार लावून घेतले तर? तसेही होईल. ताट परत आणावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा न्यावे. इंदूरला सात वर्षे लागली होती.

दुसरे, आपल्यापैकी ज्यांच्याकडे गडी कामाला आहेत, मजूर आहेत, त्यांनी आपली वही उघडून पाहावी. गड्याला दिलेली उचल कितीदा फिटली आणि तरी कितीदा बाकी राहिली? आजारपणात दिलेले पैसे व्याजासह लिहिलेले आहेत काय? ज्या सावकारीविरुद्ध राणी मारिया यांनी प्राण वेचले, तिची लहानशी शाखा आपल्याच घराच्या कोनाड्यात नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे. अशी एखादी बाकी या सणाला खोडून टाकावी, आणि त्याचा गाजावाजा करू नये. त्या गड्याच्या घरी त्या रात्री जो दिवा लागेल तो आपल्या ओसरीवरच्या ताऱ्याहून बेथलेहेमच्या अधिक जवळचा असेल.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. क्षमा करणे म्हणजे अन्यायाला अन्याय न म्हणणे, असे कोणी समजू नये. त्या तरुणाला न्यायालयाने शिक्षा केली, अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढली, आणि राखी त्याला तेथे जाऊन बांधली गेली. घरात मार खाणाऱ्या एखाद्या बहिणीला, नाताळ आहे, क्षमा कर आणि गप्प राहा, असा उपदेश कोणी करीत असेल तर तो ख्रिस्ताचा उपदेश नव्हे. तिला आधी सुरक्षित करावे. क्षमा तिने आपल्या वेळी, आपल्या मनाने द्यावी; ती तिच्याकडून कोणी उसनवारीने वसूल करू नये.

शेवटी आनंदाविषयी. क्षमा करणाऱ्याला कसला आनंद मिळतो, असे कोणी विचारील. ओझे वाहणाऱ्या हमालाला विचारावे. चढ चढताना त्याला ओझ्याचे भान असते. उतरवून ठेवल्यावर मात्र पाय आपोआप हलके पडू लागतात. ज्या घराने वैर उतरवून ठेवले त्या घरात म्हातारी माणसे शांत झोपतात, भावांची मुले पुन्हा एकत्र खेळतात, आणि लग्नकार्यात कोणाला बोलवावे हा प्रश्न उरत नाही. पैशाने विकत घेतलेल्या भेटीचे नवेपण एपिफनीच्या सणापर्यंत टिकले तरी पुष्कळ झाले. हा आनंद मात्र नातवंडांनाही पुरून उरतो.

तेव्हा वाचकबंधुभगिनींनो, यंदा 26 डिसेंबरला सकाळी जमेल त्यांनी देवळात जावे. आपली मुले विचारतील, काल पांढरे होते, आज तांबडे का? त्यांना स्तेफनाची गोष्ट सांगावी, आणि तिच्यामागोमाग उदयनगरच्या राणी मारिया यांची व त्यांच्या धाकट्या बहिणीची. आपल्याच काळातील, आपल्याच देशातील या माणसांची गोष्ट ऐकून मुले पुढे पुष्कळ विचारतील. त्या प्रश्नांची उत्तरे शब्दांनी देण्याआधी आपल्या कृतीने दिलेली असावीत, एवढे बळ बाळ येशू प्रत्येक कुटुंबाला देवो, हीच त्याच्या चरणी आमची प्रार्थना.

सर्व वाचकांना नाताळच्या मंगल शुभेच्छा.